‘शालेय शिक्षणाची रचना’ तक्ता : रंग चोख, सांधे गायब

साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानात ‘शालेय शिक्षणाची रचना’ हा भिंतीवर लावायचा तक्ता साठ रुपयांना मिळतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील 5+3+3+4 ही मांडणी त्यात चार रंगांच्या पट्ट्यांत दाखवली आहे: बालवाडीची तीन वर्षे व पहिली-दुसरी मिळून पायाभूत स्तर, तिसरी ते पाचवी पूर्वतयारी, सहावी ते आठवी पूर्व माध्यमिक आणि नववी ते बारावी माध्यमिक. पट्टीच्या कडेला वय छापलेले असल्यामुळे अंगणवाडीत जाणारे तीन वर्षांचे मूलही आता या रचनेत धरले जाते, हे पालकांच्या चटकन ध्यानात येते. अक्षर ठळक आहे, छपाई स्वच्छ आहे.

मात्र तक्त्यावरचे स्तर जिथे संपतात, तिथे आपल्याकडच्या शाळा संपत नाहीत. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा चौथीपर्यंत, काही सातवीपर्यंत आहेत, तर हायस्कूल बहुधा पाचवीला नाहीतर आठवीला सुरू होते. म्हणजे मुलाचा दाखला काढावा लागतो तो नेमका एका रंगाच्या मधोमध, आणि वाडीवस्तीवरच्या पालकाला तर हेच आधी कळायला हवे असते. अकरावी-बारावी नववीच्याच पट्टीत बसवली आहे, पण कोल्हापूर विभागीय मंडळाची दहावीची परीक्षा आणि त्यानंतरचा कनिष्ठ महाविद्यालयाचा स्वतंत्र प्रवेश यांचा उल्लेख तळटीपेतही सापडत नाही.

शिक्षण हक्क कायद्याला दिलेली बगल मला अधिक खटकली. 2009 च्या या कायद्याने 6 ते 14 वयोगटाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला; ही मर्यादा पहिल्या पट्टीच्या मध्यात सुरू होऊन आठवीला थांबते. तशी जाड रेघ नसल्यामुळे पंधराही वर्षे मोफत आहेत, असा समज सहज होऊ शकतो.

सहावीच्या चौकटीत सैनिक स्कूल व नवोदय यांच्या प्रवेश परीक्षांची नोंद आहे, हे उत्तम झाले. साताऱ्याचे सैनिक स्कूल 1961 पासूनचे, त्यामुळे इथे ही चौकशी घरोघरी चालते. सैनिक स्कूलला नववीतही प्रवेश मिळतो, ते मात्र राहिले आहे.

घ्यायचाच असेल तर लॅमिनेशन न केलेली प्रत मागावी. ती थोडी स्वस्तही पडते, आणि आपल्या गावची शाळा कुठे संपते ती रेघ त्यावर पेनाने मारता येते.