ड्रॉ.आयओ: नेटवर्कच्या आकृतीत सेगमेंटची लेबलं लावण्यासाठी कसं आहे?

नेटवर्कची आकृती काढायला ड्रॉ.आयओ हे सॉफ्टवेअर जरूर घ्यावं. राउटर-स्विचची तयार चित्रं सगळ्याच साधनांत मिळतात. याचं मोल कळतं ते सेगमेंटला, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या ठेवलेल्या भागाला, लेबल लावताना, आणि रात्री बिघाड शोधणाऱ्या माणसाला लेबलच हवं असतं.

हे मोफत आहे. विंडोज आणि लिनक्सवर डेस्कटॉप आवृत्ती चालते, तिला इंटरनेट लागत नाही, आणि फाइल आपल्याच संगणकावर राहते. लातूर, धाराशिव, बीडकडच्या साखर कारखान्यांवर हंगामात बाहेरची इंटरनेटची लाइन कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ब्राउझरमधल्या आवृत्तीपेक्षा डेस्कटॉपचीच शिफारस.

उदाहरणालाही साखर कारखानाच घेऊ, कारण तिथं सेगमेंट खरोखर वेगळे ठेवावे लागतात. त्यासाठी स्विचमध्ये प्रत्येकाला क्रमांक देऊन वेगळं आभासी जाळं करतात, तेच व्हीलॅन: व्हीलॅन १० कार्यालय, २० वजनकाटा, ३० शेतकी विभाग, ४० कॅमेरे, ५० नियंत्रण कक्ष. बहुतेक आकृत्यांत यातल्या दुसऱ्या चौकटीवर फक्त ‘काटा’ लिहिलेलं असतं. कुणी काट्यावरच्या संगणकाची केबल चुकून कॅमेऱ्यांच्या पोर्टात खोचली, की त्याला ४० मधला पत्ता मिळतो, वजनाचं सॉफ्टवेअर सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही आणि उसाच्या गाड्या फाटकावर तुंबतात. आकृतीवर पत्ता असता तर संगणकावरचा आकडा बघून दोन मिनिटांत उलगडा झाला असता. म्हणून सेगमेंटच्या लेबलात पाच गोष्टी हव्यातच: व्हीलॅनचा क्रमांक, स्विचमध्ये टाकलेलं हुबेहूब नाव, सबनेट म्हणजे सेगमेंटच्या पत्त्यांचा पट्टा, तो किती मोठा ते सांगणाऱ्या मास्कसकट (१०.२०.२०.०/२४, यातला /२४ हा मास्क), गेटवे म्हणजे सेगमेंटबाहेर जायचं दार (१०.२०.२०.१) आणि डीएचसीपीची, म्हणजे आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांची, रेंज. पत्त्यातला तिसरा आकडा आणि व्हीलॅन क्रमांक एकच ठेवला की वाचणं सोपं जातं. २५५ च्या पुढच्या व्हीलॅनला मात्र ही सोय उरत नाही.

आता हे लेबल बसवायचं कसं? सर्रास होणारी चूक म्हणजे साधा आयत काढून त्यावर सुटा टेक्स्ट बॉक्स ठेवणं. आयत सरकवला की मजकूर मागेच राहतो आणि शेजारच्या सेगमेंटवर जाऊन बसतो. त्याऐवजी जनरल लायब्ररीतला शीर्षकपट्टीचा कंटेनर घ्या आणि त्या सेगमेंटची उपकरणं आत ओढा. चौकट ठळक झाल्यावरच माऊस सोडा, तरच उपकरण खरोखर आत जातं. खात्री करायची तर कंटेनर थोडा हलवून बघा. आतलं सगळं सोबत सरकलं पाहिजे. प्रॉपर्टीतलं ‘कोलॅप्सिबल’ बंद करून ठेवा, नाहीतर कोपऱ्यातल्या वजाच्या खुणेवर चुकून क्लिक झालं की अख्खा सेगमेंट मिटतो आणि तसाच छापला जातो.

यापुढची सोय फार कमी जण वापरतात, आणि आमच्या मते तिच्यासाठीच हे साधन निवडावं. कंटेनर निवडून कंट्रोल-एम दाबलं की डेटाची खिडकी उघडते. तिथं व्हीलॅन, सबनेट, गेटवे असे गुणधर्म भरा, ‘प्लेसहोल्डर्स’वर टिक करा आणि लेबलात गुणधर्माचं नाव दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये लिहा. लेबल आपोआप भरतं. एखादा गुणधर्म आतल्या उपकरणावर नसेल, तर तो बाहेरच्या कंटेनरवरून घेतला जातो. म्हणजे सबनेट बदललं की एकाच जागी बदल करायचा, आतल्या सगळ्या स्विचवरची लेबलं नवी होतात. कॅमेऱ्यांच्या सेगमेंटला याचा सर्वाधिक उपयोग. /२६ मास्कमध्ये उपकरणांसाठी ६२ पत्ते असतात. कॅमेरे वाढले की कुणीतरी उपकरणांवर /२५, म्हणजे दुप्पट मोठा पट्टा, करून मोकळं होतं, लेबल जुनंच राहतं, आणि पुढचा माणूस ते वाचून नव्या कॅमेऱ्यात जुना मास्क भरतो. मग तो कॅमेरा ६२ च्या पुढच्या पत्त्यावरच्या रेकॉर्डरला परका समजून पाकिटं गेटवेकडे पाठवत बसतो.

सेगमेंटमधल्या दुव्यांवरही लेबल हवं. रेषेवर डबल क्लिक करून लिहिता येतं, आणि वेगळ्या जागी पुन्हा डबल क्लिक केलं तर दुसरं लेबलही लागतं. दोन्ही टोकांना पोर्टचे क्रमांक, मधे ‘ट्रंक’ (अनेक व्हीलॅन नेणारा दुवा) आणि परवानगी असलेले व्हीलॅन, सोबत नेटिव्ह व्हीलॅन, म्हणजे क्रमांकाची खूण नसलेली पाकिटं ज्यात जातात तो. हा शेवटचा आकडा गाळू नका: दोन टोकांना तो वेगळा असला तर एका सेगमेंटची रहदारी दुसऱ्यात शिरते. एका टोकाच्या यादीत ४० राहून गेला, तर फक्त त्याच इमारतीतले कॅमेरे बंद दिसतात आणि सगळे विनाकारण कॅमेरे उघडून बसतात. काटा मुख्य इमारतीपासून १०० मीटरच्या पुढे असेल तर तिथं फायबर येणार; मग कोअरचा (फायबरच्या आतल्या धाग्याचा) रंग आणि ओडीएफवरचा (फायबर जोडायच्या पेटीवरचा) पोर्टही लिहा. रेषा एकमेकींना छेदत असतील तर लेबलाला पांढरी पार्श्वभूमी द्या.

हे सगळं एकाच पानावर कोंबलं तर काहीच वाचता येत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एलने लेयर, म्हणजे आकृतीचे एकावर एक थर, उघडतात. केबल आणि पोर्ट एका लेयरवर, व्हीलॅन दुसऱ्यावर, आयपी तिसऱ्यावर ठेवले की हवा तेवढाच भाग छापता येतो. सेगमेंट नुसते रंगांनी वेगळे करू नका. झेरॉक्सवर निळा आणि हिरवा दोन्ही राखाडीच दिसतात.

मराठीत लेबल लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. या लेखात आकडे देवनागरीत आहेत, आकृतीत मात्र पत्ते आणि क्रमांक इंग्रजी आकड्यांतच (1, 2, 3) लिहा. मराठी कीबोर्डने टाकलेला पत्ता जोडणी तपासायच्या पिंग या आज्ञेत चिकटवला तर चालत नाही, आणि इंग्रजी आकडे टाकून शोधलं तर तो सापडतही नाही. विभागाचं मराठी नाव दुसऱ्या ओळीत खुशाल द्या. आकृतीची एसव्हीजी प्रकारची चित्रफाइल काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडणार असाल तर आधी ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ आणि ‘वर्ड रॅप’ बंद करा, नाहीतर लेबलांऐवजी इंग्रजी सूचना दिसू शकते. छापायला पीडीएफ बरी.

उणीव ठळक आहे: हे साधन काहीच तपासत नाही. दोन सेगमेंटना एकच सबनेट दिलं, व्हीलॅन ४०९४ या कमाल क्रमांकाच्या वर लिहिला, तरी मुकाट्याने स्वीकारतं. सेगमेंट फारच वाढले तर पत्त्यांची नोंद नेटबॉक्ससारख्या साधनात ठेवून आकृती तिच्यावरून काढावी. कोपऱ्यात तारखेचा तयार प्लेसहोल्डर टाकू नका. तो आजची तारीख दाखवतो, म्हणून दोन वर्षं जुनी आकृतीही ताजी वाटते. बदलाची तारीख हाताने लिहा.

पीएनजी काढताना आकृतीची प्रतही आत ठेवता येते, म्हणजे तेच चित्र पुन्हा उघडून दुरुस्त करता येतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ती प्रत गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर टिकते. मात्र त्या प्रतीत लपवलेले लेयरही जसेच्या तसे जातात. नियंत्रण कक्षाचे पत्ते ज्या लेयरवर आहेत, तो बाहेरच्या ठेकेदाराला फाइल देण्याआधी लपवून भागत नाही, काढूनच टाकावा लागतो.