जुन्या पाककृतींमधून दिसणारी अमेरिका : ‘फीडिंग अमेरिका’ संग्रह

मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘फीडिंग अमेरिका’ या संग्रहात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतची ७६ पाकपुस्तके वाचकांसाठी विनामूल्य खुली केली आहेत. त्या देशातील सामान्य माणसे काय खात होती आणि त्यांच्यासाठी कोण राबत होते, हे जाणून घेण्याचे इतके भरवशाचे साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

सुरुवात अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ च्या पुस्तकापासून करावी. त्यातील बराच मजकूर इंग्लंडच्या पुस्तकांवरून घेतलेला आहे. पण मक्याच्या पिठाचा विषय निघाला की पुस्तक खऱ्या अर्थाने अमेरिकन होते. ‘जॉनी केक’साठी दोनतृतीयांश पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचे, मग मीठ, काकवी व चरबी घालून थंड पाण्याने घट्ट मळायचे आणि विस्तवासमोर भाजायचे. तांदळाच्या भाकरीसाठी उकड काढणाऱ्या आपल्या वाचकांना यामागचे कारण सांगायला नको. हा मका ज्या मूळ रहिवाशांनी पिकवायला शिकवला, त्यांचा स्वतःचा आवाज मात्र या पानांत ऐकू येत नाही, आणि संग्रहाची ही उणीव मला फार जाणवली.

व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फ यांच्या, १८२४ मध्ये प्रथम निघालेल्या पुस्तकात चक्क करी पावडर आहे. हळद, धने, जिरे, सुंठ, जायफळ, जायपत्री आणि लाल तिखट, सगळे एकेक औंस! जायफळाचे हे प्रमाण आपल्याला पेलवणारे नाही.

पण या संग्रहातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे पुस्तक अ‍ॅबी फिशर यांचे आहे. पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या फिशरबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी तोंडी सांगितलेल्या कृती १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत छापल्या गेल्या. त्यात तान्ह्या मुलांसाठी एक खीर आहे: मैदा कापडात घट्ट बांधून दोन तास उकळायचा, गार झाल्यावर वरचे कवच काढायचे आणि लागेल तसा किसून उकळत्या दुधात घालायचा. आपली अकरा मुले याच आहारावर वाढवल्याचे त्या सांगतात. दक्षिणेतील मळ्यांवरच्या जीवनाचे इतके थेट कथन मोठ्या इतिहासग्रंथांतही क्वचितच सापडते.

प्रत्यक्ष करून पाहायचे असल्यास सुरुवातीच्या पुस्तकांतील मोघम मापांनी अडचण होते. अशा वाचकांनी आधी फॅनी फार्मर यांचे १८९६ चे पुस्तक उघडावे. त्यात सपाट भरलेल्या कपाचे आणि चमच्याचे माप काटेकोरपणे दिलेले आहे.