इमॅजिका की पाचगणी? साताऱ्याहून लहान पोरांना घेऊन एक दिवस

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की साताऱ्यात घरोघरी हा विषय निघतोच. वर्गातलं कुणीतरी खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन आलेलं असतं, आल्यापासून त्याचं तेच पुराण चालू असतं, आणि आपल्याकडे जेवणबंद आंदोलन सुरू होतं. आई म्हणते जाऊन येऊ एकदा, बाबा टोलनाके मोजायला लागतात, आणि आजी विचारते, "का रे, पाचगणी काय वाईट आहे?"

माझं मत आधीच सांगून टाकते. घरातलं धाकटं पोर सात वर्षांच्या आतलं असेल तर आजीचं ऐका. पैसे वाचतात ते वेगळंच, पण मुख्य हिशोब तासांचा आहे. चार-पाच वर्षांच्या पोराचा मूड दिवसभरात सहा-सात तास टिकला तरी खूप झालं. त्यातले किती तास गाडीत घालवायचे आणि किती खेळण्यात, ते बघा.

रस्ता

साताऱ्याहून इमॅजिका एका बाजूनं साधारण 190 किलोमीटर. आनेवाडीचा टोल, खेड शिवापूरचा टोल, पुण्याचा बायपास, मग एक्सप्रेसवे, आणि बोरघाट उतरून खोपोली-पाली रस्त्याला लागायचं. मोबाइलवरचा नकाशा सांगतो त्यात निदान तासभर मिळवा, कारण नकाशाला शू लागत नाही की घाटात मळमळत नाही. चार-साडेचार तास धरून चाला. साडेदहाला गेटवर उभं राहायचं तर सहाच्या आत घर सोडायला हवं, म्हणजे पोरं पाचला उठवलेली. संध्याकाळी सातला परत फिरलात तर पोवई नाक्यावर यायला अकरा वाजून जातात. खांद्यावर झोपलेलं एक आणि हाताशी रडणारं एक, असं जिना चढायची तयारी ठेवायची.

पाचगणी वाईमार्गे पन्नास किलोमीटरच्या आसपास. पसरणी घाटात वळणं आहेत, पण घाट लहान. दीड तासात वर. पोहे खाऊन, डबा भरून आठला निघालं तरी चालतं.

कात्रजचं प्राणीसंग्रहालय अंतराच्या हिशोबात या दोन्हींच्या मध्ये पडतं. शंभरेक किलोमीटर, दोन तास. कात्रज चौकातली गर्दी तेवढी सोसायची, पुण्यात आत शिरावं लागत नाही.

सांगलीकरांनी यात साताऱ्यापर्यंतचे दोन-अडीच तास वाढवून बघावेत. खोपोलीला एका दिवसात जाऊन येण्याचा विचार तिथंच संपतो. सांगलीचं वेगळं खाली लिहिलंय.

उंचीची पट्टी

इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. ऐन सह्याद्रीच्या पायथ्याशी एवढा मोठा पसारा उभा आहे, तो बघण्यासारखा आहे, यात वाद नाही. पण जाहिरातीत जे दिसतं ते कुणासाठी आहे ते नीट बघा. निट्रो नावाची राइड चाळीस मीटर उंच जाते, ताशी 105 किलोमीटरचा वेग घेते, आणि बसणाऱ्याच्या पायाखाली तळच नसतो. स्क्रीम मशीन, डीप स्पेस, गोल्ड रश एक्सप्रेस ही त्याच गावची मंडळी. निट्रोला 140 सेंटिमीटर उंची लागते. आपल्याकडचं पाच वर्षांचं पोर असतं 105 ते 110 सेंटिमीटर, आठ वर्षांचं सव्वाशेच्या आसपास. 140 गाठायला दहावं-अकरावं वर्ष उजाडतं. सगळ्याच राइड्सना एवढी मोठी अट नाही, पण जिथं पोरांचं बोट जातं, तिथं बहुतेक असतेच.

राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. तिथं जरा वेळ उभं राहून बघा. सहा-सात वर्षांचा एखादा मुलगा बुटांत टाचा उचलून, मान ताणून, श्वास धरून उभा राहतो. तिथला माणूस हसत त्याच्या डोक्यावर हात ठेवतो, हात पट्टीला टेकवतो आणि म्हणतो, "पुढच्या वर्षी ये हं." पोरगं मागं बघतं, तर बाबा रांगेत पुढं सरकलेले, आई बाहेर पाण्याची बाटली घेऊन. मग बाबा जाऊन येईपर्यंत आईनं समजूत काढायची, आई गेली की बाबांनी. रांगेचा वेळ दुप्पट होतो, आणि कडेवरचं पोर दोन्ही वेळा कडेवरच राहतं.

मग छोट्यांसाठी उरतं काय? मॅजिक कॅरोझल, टब्बी टेक्स ऑफ, वॅगन ओ ओ व्हील, बम्प इट बोट्स. सगळं नीटनेटकं, पोरं खूश होतात. पण स्पष्ट बोलायचं तर चार वर्षांच्या मुलीला गोल फिरणारा घोडा जत्रेतला असो की इमॅजिकातला, आनंद तेवढाच होतो. फरक आपल्या खिशाला कळतो.

मधल्या वयाच्या, म्हणजे सहा ते नऊच्या पोरांसाठी मात्र दोन-तीन गोष्टी खरंच चांगल्या आहेत. अलिबाबाच्या राइडमध्ये गाडीत बसून बंदुकीनं नेम धरायचा असतो. त्यात पोरं बापाला हरवतात आणि ते महिनाभर ऐकवतात. राजासॉरसच्या बोटीत अंधार, डायनोसॉरच्या डरकाळ्या आणि शेवटी धाडकन खाली येऊन अंगावर पाणी. एखादं सहा वर्षांचं पोर "परत! परत!" करतं, एखादं गळ्याला मिठी मारून सोडत नाही, आपलं कोणतं ते आपल्यालाच माहीत. जाताना गाडीत सांगायला एक गोष्ट: राजासॉरस हे नाव पार्कवाल्यांनी शोधलेलं नाही. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी ते एका खऱ्या डायनोसॉरला दिलं. 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असं त्याचं पूर्ण नाव. पोरांना हे सांगितलं की बोटीची भीती थोडी कमी होते, निदान प्रश्न तरी वाढतात. सलीमगड हे भुताचं प्रकरण आहे. लहानांना तिकडं नेऊच नका, रात्री तुम्हालाच जागावं लागेल.

तिकिटाचंही बघून ठेवा. पोरांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांचा नि शनिवार-रविवारचा दर एक नसतो. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. म्हणजे थालीपिठाचा डबा गाडीतच राहणार आणि जेवण आतल्या भावानं. चौघांच्या घराचा खर्च काढताना तिकिटांइतकंच लक्ष जेवणाकडं आणि डिझेलकडं द्या.

शेजारचं वॉटर पार्क

इमॅजिकाच्या शेजारीच 2014 पासून त्यांचं वॉटर पार्क आहे. त्याचं तिकीट वेगळं. पाच ते नऊ वर्षांची पोरं असतील आणि खोपोलीला जायचंच ठरलं असेल, तर मी थीम पार्क सोडून इथं जाईन. उथळ पाण्यात पोरांना "तुझी उंची किती" असं कुणी विचारत नाही, रांग लागत नाही, आणि डोक्यावर पाणी पडलं की हसायचं, एवढंच काम असतं.

दोन गोष्टींची काळजी घ्या. एक म्हणजे कपडे. पोहण्याचा नायलॉनचा पोशाख लागतो. सुती कपडे चालत नाहीत, कारण त्यांचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रणेत अडकतात आणि भिजलेलं कापड घसरगुंडीवर गुंततं. साडीतल्या आजीला काठावर बसावं लागतं आणि दिवसभर सगळ्यांचे टॉवेल सांभाळावे लागतात, हे निघायच्या आधी आजीला सांगा. दुसरी गोष्ट थंडी. लहान अंगातली ऊब लवकर जाते. ओठ निळसर दिसले, दात वाजायला लागले की पोर कितीही "अजून पाच मिनिटं" म्हणालं तरी बाहेर काढून कोरडं करायचं.

दोन्ही पार्क एकाच दिवशी उरकू नका. एकाचाही धड आनंद मिळत नाही.

पाचगणी

"तिथं काय आहे? घोडे आणि स्ट्रॉबेरी!" असं म्हणणारे लोक साताऱ्यात पुष्कळ. पाच वर्षांच्या पोराला आणखी काय हवं असतं?

सकाळी सरळ टेबल लँडवर जायचं. एवढी मोठी सपाट मोकळी जागा, गाडी नाही, "पळू नको" म्हणायला कारण नाही. पोरं नुसती पळतात. घोड्यावर किंवा घोडागाडीत बसवायचं असेल तर भाव आणि फेरी कुठपर्यंत, हे दोन्ही चढायच्या आधी ठरवा. पोर एकदा खोगिरावर बसलं की तुमची घासाघीस संपली. सावली जवळजवळ नाही, तेव्हा टोप्या घ्या. आणि कड्याच्या बाजूला हात सोडू नका, पठार जिथं संपतं तिथं सगळीकडे कठडा नाही.

दुपारी महाबळेश्वर रस्त्याला गुरेघरच्या मॅप्रो गार्डनमध्ये. आत जायला पैसे पडत नाहीत. उंच ग्लासात खाली स्ट्रॉबेरी, वर क्रीम, त्यावर परत स्ट्रॉबेरी. लांब चमच्यानं तळ गाठायची पोरांची धडपड, नाकाला क्रीम, बाह्यांवर लाल डाग. एवढ्यात अर्धा तास निघून जातो, आणि मोठ्यांना टेकून बसायला मिळतं. इमॅजिकात हे बसणंच कुठं सापडत नाही. स्ट्रॉबेरीसाठी डिसेंबर ते मार्च हे महिने धरा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण झाडाला लागलेली, मातीला टेकलेली स्ट्रॉबेरी शहरातल्या पोरांनी बघितलेली नसते. रस्त्यालगतच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून शेतात न्या.

पोराला वाचता यायला लागलं असेल तर भिलार चुकवू नका. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत, ओसरीवर, देवळात पुस्तकांची कपाटं आहेत, बालसाहित्याचीही. कुणीही जावं, बसावं, वाचावं, पैसे लागत नाहीत. दुसरीतली मुलगी परक्याच्या ओसरीवर मांडी घालून पुस्तक वाचतेय आणि घरची आजी तिला पाणी आणून देतेय, हे मला कुठल्याही राइडपेक्षा भारी वाटतं. तुम्हाला नाही वाटलं तरी ठीक आहे.

पाचगणीच्या उण्या बाजूही आहेत. मे महिन्यात आणि जोडून सुट्ट्या आल्या की पाचगणी ते महाबळेश्वर गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात धुकं इतकं, की टेबल लँडवर स्वतःचं पोर दिसायचं नाही. (तेव्हा खोपोलीलाही जाऊ नका. तिथंही पाऊस बेसुमार, आणि उघड्यावरच्या राइड्स मुसळधार पावसात थांबवतात.) नऊ-दहा वर्षांचं पोर तर दुपारी तीनला "आता काय?" विचारणारच.

कात्रज

राजीव गांधी प्राणीसंग्रहालय 130 एकरांत आहे. वाघ, हत्ती, सर्पोद्यान. चालायला भरपूर, म्हणून बॅटरीवरच्या गाडीचं तिकीट काढावं. सकाळी दार उघडतानाच पोचा, दुपारी प्राणीही झोपतात आणि पोरंही. खर्च सगळ्यांत कमी इथंच, त्यातही एसटीनं गेलात तर. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या पोरांना अर्धं, पाचच्या आतल्यांना तिकीटच नाही, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तर एसटी फुकटच. सातारा-स्वारगेट गाडीत बसायचं, कात्रजला कुठं उतरवणार ते कंडक्टरला आधी विचारून ठेवायचं. पाचगणीलाही महाबळेश्वरची एसटी जाते, सवलती त्याच.

सांगलीकरांसाठी

तुम्ही उत्तरेला बघूच नका. कोल्हापूरच्या पुढं कणेरी मठाचं सिद्धगिरी संग्रहालय दीड-दोन तासांवर आहे. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, विहिरीवरची मोट, सुतार, कुंभार, सगळं खऱ्या माणसाएवढ्या पुतळ्यांत, मोकळ्या आवारात मांडलेलं. पोरं बैलाच्या पुतळ्याला हात लावून बघतात, आणि आजीला पहिल्यांदाच सगळ्यांपेक्षा जास्त माहिती असते. अजून जवळ हवं असेल तर देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य आहे. हरणं दिसायची तर सकाळी लवकर जायला हवं.

मग ठरवायचं कसं

संध्याकाळी दाराच्या चौकटीशी पोराला उभं करा आणि पेन्सिलीची खूण करा. 115 सेंटिमीटरच्या खाली असेल तर पाचगणी, आजी-आजोबा बरोबर असतील तर नक्कीच. पाण्याचं वेड असेल आणि उंची 115 ते 130 असेल तर वॉटर पार्क. 140 च्या जवळ पोचलं असेल तर इमॅजिका, आणि तेव्हा खर्च वसूल होतो. भावंडांत पाच-सहा वर्षांचं अंतर असेल तर खूण धाकट्याची धरा, थोरल्याला मामाबरोबर किंवा मावसभावांबरोबर नंतर पाठवता येतं.

खोपोलीला जाणार असाल तर मंगळवार ते गुरुवार बघा, तिकीट आधी काढा, आणि जमलं तर आदल्या रात्री लोणावळ्यात किंवा खोपोलीत मुक्काम करा. पोरं झोप पूर्ण होऊन गेटवर येतात, त्याचा फरक दुपारी कळतो. कात्रजला जाणार असाल तर बुधवार टाळा, त्या दिवशी प्राणीसंग्रहालय बंद असतं.