रोजची वीस मिनिटं की रविवारची साफसफाई: गोव्यातल्या घराला काय मानवतं?

आधी वेळेचा हिशेब. रोज वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला दोन तास वीस मिनिटं. रविवारी घर एकदम काढलं तरी साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणून ‘वेळ वाचतो’ या कारणासाठी दोन्हींपैकी काहीच निवडू नका. निवडायचं ते घरातल्या ओलीकडे बघून.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ओली राहिलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली नाही, की तिच्यावर बुरशी धरू लागते. मग सोमवारी भिजलेल्या पायपुसण्याने रविवारची वाट कशी बघायची? चामड्याचे पट्टे, चपला, लाकडी कपाटाची मागची बाजू आणि बाथरूमचा कोपरा आठवडाभरात पांढरे-काळे पडतात, आणि मग पुसण्याऐवजी घासावं लागतं. या चार महिन्यांत माझं मत सरळ रोजच्या बाजूने आहे. वीस मिनिटांत सगळं घर झाडायचं नाही, फक्त ओल काढायची. बाथरूमच्या लादीवर वायपर, ओटा आणि सिंक कोरडं, फडकी पिळून पंख्याखाली, छत्र्या उघडून बाहेर, आणि एका कपाटाची दारं थोडा वेळ सताड उघडी. एवढं झालं की त्या दिवशी केर राहिला तरी चालेल.

नोव्हेंबर ते मे हे गणित बदलतं. धूळ साचते, पण ती वाढत नाही, आठवडाभर थांबते. दोघंही म्हापशाहून किंवा फोंड्याहून पणजीला नोकरीला जात असाल आणि संध्याकाळी दमून घरी येत असाल, तर या दिवसांत शनिवार-रविवारची साफसफाई पुरते. अपवाद डिचोली-सांगे पट्ट्यातल्या, खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यालगतच्या घरांचा. तिथे लाल धूळ रोज येते आणि कोरड्या केरसुणीने ती नुसती उडून पुन्हा बसते. तिथे रोज ओला फडकाच हवा, निदान पुढच्या खोलीत तरी.

स्वयंपाकघराला मात्र ऋतू नाही. मासळीची खवलं, कोळंबीची सालं रात्रभर डब्यात राहिली की सकाळी घरभर वास. ओला कचरा रोजच बाहेर गेला पाहिजे. सुका कचरा अनेक पंचायतींत ठरलेल्या दिवशीच उचलतात, म्हणून दुधाच्या पिशव्या विसळून, सुकवून ठेवाव्या.

काही कामं आठवड्यालाच बरी. डेंगीचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण ७ ते १० दिवस घेतो. कुंड्यांखालच्या बश्या आणि फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा ओतून घासले, तर ती साखळी तुटते. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. हे काम वीस मिनिटांत कोंबू नका, त्याला आपला एक वार द्या.

रविवारी सगळं एकदम काढणाऱ्यांना एक कळकळीची सूचना: संडासासाठीचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकाच बाथरूममध्ये पाठोपाठ वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. घाईत, दार लावून काम करताना तो जिवावर बेततो.

चिऱ्याच्या जुन्या घराचं वेगळं. कौलांतून भुगा गळतो, भिंती पाणी ओढतात, राजांगणात, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकात, पानं पडतात. त्याला ना वीस मिनिटं पुरतात, ना एक रविवार. तिथे रोज एकच खोली घ्या, आणि जुलैपासूनच देवघर व माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायच्या लाकडी चौकटीच्या) बाजूने सुरुवात करा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, भिंत कोरडी हवी, आणि आदल्या आठवड्यात धुतलेली भिंत त्या हवेत वाळत नाही.