देवगिरीचा किल्ला आणि घाईतला गाइड

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याहून आलेल्या पाहुण्यांना देवगिरी दाखवायला नेले आणि दरवाजापाशी भेटलेला एक गाइड ठरवला. हा अभिप्राय किल्ल्याइतकाच त्याच्या कामाबद्दलही आहे.

अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, त्याला तोड नाही. हातातला टेंभा, वटवाघळांचा उग्र दर्प, पायाखाली उंचसखल पायऱ्या, आणि येथे शत्रूवर उकळते तेल ओतत असत, हे त्याने सांगताच आमच्या मामींनी माझा दंड जो धरला तो वर उजेड दिसेपर्यंत सोडला नाही. तेवढ्या भागाचे पैसे वसूल झाले.

तक्रार बाकीच्या फेरीची आहे. भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी केलेला हा डोंगर १२९६ साली अलाउद्दीन खलजीने लुटला, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने येथे राजधानी आणून त्याचे दौलताबाद केले, पुढे बहमनी आणि निजामशाही आली आणि १६३३ साली तो मोगलांकडे गेला. प्रत्येकाने आधीच्याचे पाडले थोडे आणि वापरले जास्त. गाइडच्या तोंडी मात्र तुघलकाखेरीज कोणी नव्हते.

सर्वांत खटकले ते भारतमाता मंदिरापाशी. तेथे त्याने आम्हाला पाच मिनिटेही थांबू दिले नाही. ही वास्तू मुळात खलजींच्या काळातली जामा मशीद, तिच्यातले खांब त्याहून जुन्या देवळांचे, आणि भारतमातेची मूर्ती हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरची. एका खांबावरची नक्षी पाहून शेजारच्या खांबाकडे वळलो तर त्याची घडण निराळीच निघाली. किल्ल्याचा सगळा इतिहास असा एका छपराखाली उभा असताना गाइड बाहेरून 'चला, चला' म्हणत होता.

यादवांच्या काळात उभा तासलेला कडा आणि त्याच्या पायथ्याचा खडकात खोदलेला खंदक त्याने नीट दाखवला, हे मान्य केले पाहिजे. चिनी महालाजवळच्या बुरुजावरील मेंढा तोफेपाशीही तो रमला. गोवळकोंड्याचा अबुल हसन तानाशाह याच महालात कैदेत होता, हे मात्र मलाच पाहुण्यांना सांगावे लागले.

किल्ल्याला पाचपैकी पाच, गाइडला अडीच. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे, पाणी सोबत ठेवावे आणि पैसे ठरवतानाच मंदिरात अर्धा तास थांबणार असल्याचे स्पष्ट सांगावे. परतताना रस्त्याकडेला घेतलेली सीताफळे गोड निघाली.