ॲप चांगलं, निर्णय वाईट: ओटीटीच्या वार्षिक प्लॅनचा नागपुरातला अनुभव

गेल्या दिवाळीत आम्ही एका मोठ्या ओटीटी ॲपचा वर्षाचा प्लॅन घेतला. तो आता संपत आलाय आणि पुढच्या वर्षी आम्ही तो घेणार नाही. ॲपचं नाव देत नाही, कारण आम्हाला जे भोगावं लागलं ते थोड्याफार फरकाने सगळीकडे चाललंय. ॲप म्हणून ते चांगलंच आहे. मनस्ताप झाला तो कंपनीच्या वरच्या मंडळींनी घेतलेल्या निर्णयांमुळे, आणि मला जास्त लिहायचंय ते त्यांच्याबद्दलच.

आधी चांगलं सांगते. चित्र स्वच्छ दिसतं. नेट मंदावलं तरी कार्यक्रम थांबत नाही, फक्त थोडा धूसर होतो. देवनागरीत नाव लिहिलं की सापडतं. आमचा टीव्ही बराच जुना आहे, त्यावरही ॲप अडकत नाही. पुण्याला जाताना मोबाइलवर उतरवून घेतलेले भाग रेल्वेत नेटशिवाय बघता आले. ज्यांनी हे तांत्रिक काम केलंय त्यांनी ते मन लावून केलंय, हे वापरताना कळतं.

एक उणीव मात्र सुरुवातीपासून होती. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. दुपारी खिडक्या बंद, कूलर पूर्ण वेगात, आणि त्या आवाजात टीव्हीवरचं बोलणं धड ऐकू येत नाही. सासूबाईंना तसंही कमी ऐकू येतं. मराठी कार्यक्रमांना इंग्रजी सबटायटल्स होती, मराठी नव्हती. म्हणजे परक्या प्रेक्षकाची सोय केली आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम बनला त्यांना सोडलं. मी ॲपमधून कळवलं. ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असं उत्तर आलं. पुढे काही झालं नाही. हिंदी कार्यक्रमांना हिंदी सबटायटल्स त्याच ॲपवर आहेत, म्हणजे तंत्राची अडचण नाही. मराठीवर तेवढा खर्च करायचा नाही, असं कुणीतरी ठरवलंय.

प्लॅन घेतला होता तो खरं तर चित्रित केलेल्या मराठी नाटकांसाठी. मुंबई-पुण्यात शनिवारी नाटक बघायचं तर कोणतं बघू असा प्रश्न पडतो. आमच्याकडे वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात दौऱ्याचं नाटक येईल तेव्हा जायचं, आणि सासूबाईंना आता बाहेर पडणं झेपत नाही. हिवाळाभर त्यांनी रोज दुपारी एखादा अंक बघितला. मग नाटकं यादीतून जाऊ लागली. एकदम नाही, एकेक करून. मेसेज नाही, सूचना नाही. एक नाटक पहिल्या अंकापर्यंत बघून ठेवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी नव्हतंच. ‘काहून वो, कालच तं पाहिलं ना इथं?’ असं त्या विचारत राहिल्या. त्यांना वाटलं, आपल्याच हातून काही दाबलं गेलं. म्हाताऱ्या माणसाला स्वतःवर शंका घ्यायला लावणं, याचा मला जास्त राग आला.

बाहेरून घेतलेल्या कार्यक्रमांचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो, हे मला समजतं. मुदत संपली की कार्यक्रम काढावा लागतो. पण ती तारीख करारातच लिहिलेली असते. कंपनीला ती पहिल्या दिवसापासून माहीत असते, फक्त पैसे भरणाऱ्याला सांगितली जात नाही. नेटफ्लिक्सवर एखादी गोष्ट जाणार असेल तर शेवटच्या दिवसाची सूचना दिसते, तेव्हा हे अशक्य नाही. वर्षाच्या मध्यात एकाच वेळी चालणाऱ्या स्क्रीनची संख्याही आमच्या प्लॅनमध्ये कमी करण्यात आली. पैसे मात्र वर्षाचे आधीच भरलेले होते.

आणि परवान्याचं कारण कंपनीच्या स्वतःच्या निर्मितीला कसं लागू होणार? विदर्भातल्या एका गावावरची मालिका आम्ही सगळ्यांनी मिळून बघितली. पहिला सीझन ऐन वळणावर संपला. दुसरा येणार नाही हे कुणी जाहीर केलंच नाही आणि काही महिन्यांनी पहिलाही दिसेनासा झाला. तक्रार करायला गेले तर चॅटवर एक मुलगा बसलेला. नम्रपणे बोलला, चार वेळा माफी मागितली. त्याच्या हातात काहीच नव्हतं. लोक अशा मुलांवर ओरडतात, त्यांना शिव्या देतात. ते चूक आहे. मालिका काढण्याचा निर्णय घेणारे वेगळे असतात, त्यांना नाव असतं, पद असतं, पगार असतो, आणि प्रश्न त्यांनाच विचारायला हवेत.

स्वतःचंच काम कुणी का काढून टाकेल, हे मला कळत नव्हतं. वाचायला घेतलं तेव्हा उलगडा झाला. डिस्नेने मे २०२३ मध्ये स्वतःच्या सेवांवरून स्वतःचेच अनेक कार्यक्रम हटवले आणि त्यापोटी सुमारे १.५ अब्ज डॉलरची घट हिशेबात दाखवली. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने ‘बॅटगर्ल’ हा जवळजवळ तयार असलेला चित्रपट कधीच प्रदर्शित न करण्याचा निर्णय घेतला. खर्च सुमारे ९ कोटी डॉलर झाल्याच्या बातम्या होत्या. प्रदर्शित करून मिळेल त्यापेक्षा तोटा दाखवून करात होणारी बचत सोयीची, असा हिशेब त्यामागे होता. डेव्हिड झास्लाव तेव्हा त्या कंपनीचे प्रमुख होते. विलीनीकरणानंतर कंपनीवर प्रचंड कर्ज होतं आणि ते कमी करणं हे त्यांचं काम होतं, हे मान्य. पण शेकडो लोकांची मेहनत एका कागदी नोंदीसाठी कायमची कुलूपबंद करणं, हा नुसता हिशेबाचा प्रश्न राहत नाही. कलाकृती आणि गोदामातला माल यांत फरक करता येत नसेल, तर माणसाने मनोरंजनाच्या कंपनीचं प्रमुखपद घेऊ नये.

त्याच झास्लाव यांना २०२४ या वर्षासाठी सुमारे ५.१९ कोटी डॉलरचं मानधन होतं. जून २०२५ मध्ये भागधारकांपैकी सुमारे ५९ टक्के मतं त्या मानधनाच्या विरोधात पडली. ते मत सल्ल्यापुरतं असतं, बंधनकारक नसतं. तरी मालकांनीच असं जाहीर सांगावं, याला अर्थ आहे. मे २०२३ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ते भाषणाला उभे राहिले तेव्हा विद्यार्थ्यांनी ‘लेखकांचे पैसे द्या’ अशा घोषणा दिल्या. हॉलिवूडच्या लेखकांचा संप तेव्हा चालू होता, तो १४८ दिवस चालला. जुलैत कलाकारही संपावर जाण्याच्या तोंडावर डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर एका मुलाखतीत म्हणाले की या लेखक-कलाकारांच्या अपेक्षा वास्तवाला धरून नाहीत. ज्यांचं स्वतःचं उत्पन्न कोटी डॉलरांत मोजलं जातं, त्यांनी हे बोलावं, यावर टीका झाली ती रास्तच होती.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणता येत नाही. माझ्या भाच्याचंच बघा. त्याला एचबीओच्या मालिका आवडतात. ३१ मार्च २०२३ ला त्या डिस्ने प्लस हॉटस्टारवरून गेल्या. मग जिओसिनेमावर आल्या. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. दोन वर्षांच्या आत त्याच मालिकांसाठी तीन नावांची दारं. तिकडे अमेरिकेत एचबीओ मॅक्सचं मे २०२३ मध्ये नुसतं मॅक्स झालं आणि लोकांनी इतकी नावं ठेवली की जुलै २०२५ मध्ये पुन्हा एचबीओ मॅक्स करावं लागलं. म्हणजे वरचे लोक ऐकतात, पण पुष्कळ उशिरा.

मराठी प्रेक्षकाने तर या विलीनीकरणांकडे फार बारकाईने बघायला हवं होतं. रिलायन्स आणि डिस्नेचा भारतातला मनोरंजन व्यवसाय १४ नोव्हेंबर २०२४ ला एकत्र झाला. व्यवहाराचं मूल्य ७०,३५२ कोटी रुपये सांगितलं गेलं. बातम्या सगळ्या क्रिकेटच्या हक्कांबद्दल होत्या. पण त्या दिवसापासून स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या वाहिन्या एकाच घरच्या झाल्या. दुसरीकडे झी आणि सोनीचं विलीनीकरण दोन वर्षांहून जास्त रेंगाळलं. नव्या कंपनीचं नेतृत्व झीचे तेव्हाचे प्रमुख पुनीत गोयंका यांनी करायचं की नाही, यावर मोठं घोडं अडलं आणि २२ जानेवारी २०२४ ला सोनीने करार मोडला. तो झाला असता तर झी मराठी आणि सोनी मराठीसुद्धा एका मालकाच्या झाल्या असत्या. म्हणजे महाराष्ट्रात घरोघरी लागणाऱ्या चार मोठ्या वाहिन्या दोन कंपन्यांच्या हाती. लेखकाला, कलाकाराला, छोट्या निर्मात्याला जाण्यासाठी दोनच दारं. हे टळलं, पण आपल्या हिताचा विचार करून नव्हे, तर खुर्चीच्या वादामुळे. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये झीच्या भागधारकांनी गोयंका यांची संचालक म्हणून फेरनेमणूक अगदी थोड्या मतांनी नाकारली. या संपूर्ण काळात मराठी कार्यक्रमांचं काय होणार, यावर दोन्ही बाजूंकडून मराठी माणसाशी कुणी बोललं असं मला तरी दिसलं नाही.

मराठी म्हणजे मुंबई-पुणे, हा या कंपन्यांचा समज मला फार खुपतो. सासूबाई गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातल्या. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं होतात, रात्रभर चालतात, गावंच्या गावं बघायला येतात. तिकीट काढून येतात. वडशात नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, हंगामाचं अख्खं अर्थकारण आहे. प्रेक्षक नाही असं इथं कुणी म्हणूच शकत नाही. आमच्या ॲपवर वर्षभरात झाडीपट्टीचं एकही नाटक सापडलं नाही. गावाकडचा माणूस दाखवायचा झाला की विनोदासाठी चार वऱ्हाडी शब्द टाकायचे, बस. कोणत्या भाषेवर, कोणत्या भागावर पैसा लावायचा, हे वरच ठरतं. तिथे बसलेल्या एकाने जरी कधी नोव्हेंबरात वडशाला येऊन मंडपात रात्र काढली असती, तरी यादी वेगळी दिसली असती.

टीकेचा उपयोग होतो का? होतो, ती नेमकी असेल तर. नेटफ्लिक्स भारतात महाग आहे ही ओरड वर्षानुवर्षं होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी मोबाइल प्लॅन १९९ वरून १४९ आणि बेसिक ४९९ वरून १९९ रुपयांवर आणला. उलटही घडतं. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू झाल्या, नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे. एकदा विकलेल्या गोष्टीतून काहीतरी काढायचं आणि तेच पुन्हा विकायचं, ही पद्धत आता रुळत चालली आहे आणि तिच्यावर बोललंच पाहिजे. पण कुणाच्या दिसण्यावर, जातीवर, घरच्यांवर घसरून नाही. तसं केलं की त्यांना आयतं निमित्त मिळतं, सगळ्याच टीकेला ट्रोलिंग म्हणायचं. निर्णय कोणता, कुणाच्या काळात झाला, कुणाचं नुकसान झालं, एवढं लिहिलं तरी पुरतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. कार्यक्रम केव्हापर्यंत आहे ती तारीख त्याच्या पानावर लिहा. वार्षिक प्लॅनमध्ये मध्येच कपात केली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. स्वतःची निर्मिती काढणार असाल तर महिनाभर आधी सांगा. मराठी कार्यक्रमांना मराठी सबटायटल्स द्या.

गुण द्यायचे तर तंत्राला पाचपैकी चार, मराठी निवडीला दोन, व्यवस्थापनाला एक. घ्यायचंच असेल तर महिन्याचा प्लॅन घ्या, हवं ते बघा आणि बंद करा. वार्षिक प्लॅन स्वस्त दिसतो, पण वर्षभर काय मिळणार याची हमी त्यात नसते.

घेताना ऑटोपे चालू होतं, ते लक्षात ठेवा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवणं बंधनकारक आहे, तो मेसेज दुर्लक्षू नका. रद्द करायचं बटण ॲपमध्ये सापडत नसेल तर आपल्या यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, थेट रद्द करता येतं, मी तसंच केलं. सबस्क्रिप्शनमधून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डार्क पॅटर्नमध्ये, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या रचनेत मोडतं. तशी अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, आणि बोलण्याआधी प्लॅन घेतला तेव्हाची पावती आणि त्या वेळच्या सुविधांच्या यादीचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा.