धूमकेतूसाठी काय घ्यावं: दुर्बीण, बायनॉक्युलर की लेन्स?

धूमकेतूची बातमी आली की मला पहिला फोन पुतण्याचा येतो, आणि प्रश्न ठरलेला: "काका, दुर्बीण घेऊन टाकू का?" दोन वर्षं मी त्याला अडवतोय. ऐपत आहे त्याची. पण नुसत्या धूमकेतूपायी दुर्बीण घेणं म्हणजे दाराच्या फटीतून मिरवणूक बघणं.

हिशेब साधा आहे. नवशिक्यांसाठी सर्रास मिळणारी दुर्बीण म्हणजे ११४ मिमीचा आरसा आणि ९०० मिमी नाभीय अंतर (फोकल लेंग्थ). तिला २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की ३६ पट मोठं दिसतं, पण आकाशाचा तुकडा मिळतो जेमतेम दीड अंशाचा. तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवले की संपला. ऑक्टोबर २०२४ मधल्या त्सुचिनशान-ॲटलस या धूमकेतूची शेपटी अंधाऱ्या जागेवरून दहा अंशांच्याही पुढे गेली होती. म्हणजे दुर्बिणीत डोकं दिसणार आणि शेपूट बाहेर राहणार. १०×५० च्या, म्हणजे दहा पट मोठं दाखवणाऱ्या आणि ५० मिमी भिंगांच्या, बायनॉक्युलरमधून साधारण साडेसहा अंश दिसतात. डोकं, शेपटीची सुरुवात आणि आजूबाजूचे तारे एकाच चित्रात येतात. शिवाय दोन्ही डोळ्यांनी बघता येतं आणि शोधायला वेळ लागत नाही. नवख्या माणसाला दुर्बिणीत एखादी पुसट वस्तू सापडेपर्यंत पश्चिमेचा धूमकेतू मावळूनही जातो.

हे 'पुसट' प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, आकडा मोठा तितकी वस्तू पुसट. 'धूमकेतू चौथ्या प्रतीचा' असं वाचलं की वाटतं, चौथ्या प्रतीच्या ताऱ्यासारखा दिसेल. तसं नसतं. त्याचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा केला तर किती, एवढंच तो आकडा सांगतो. प्रत्यक्षात तो प्रकाश पसरलेला असतो, पातळ पोळीवर फिरवलेल्या चमचाभर तुपासारखा. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या गच्चीवरून तूप दिसत नाही, नुसती पोळी दिसते. ऑक्टोबर २०२५ मधला लेमन धूमकेतू नेमका असाच होता. २१ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. अमावास्या, म्हणजे चंद्राचा त्रासही नाही. पण शहरावर फटाक्यांचा धूर! नुसत्या डोळ्यांनी शोधत बसलेल्यांच्या पदरी काही पडलं नाही, बायनॉक्युलरमध्ये मात्र कापसाच्या बोळ्यासारखा दिसला.

बायनॉक्युलर घेताना दोन मोहांपासून लांब राहा. झूमवाली घेऊ नका. आणि १५×७० किंवा २०×८० दुकानात कितीही भारी वाटली तरी ती हातात स्थिर राहत नाहीत, ट्रायपॉड लागतोच. ७×५० चांगली असते, पण तिच्यातून येणारा प्रकाशाचा झोत सात मिलिमीटर रुंद असतो. चाळिशी ओलांडलेल्यांच्या डोळ्याची बाहुली सहसा तेवढी उघडत नाही, उरलेला प्रकाश फुकट. म्हणून १०×५०. आणि सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती पश्चिमेकडे फिरवायची नाही, मुलांच्या हातात असेल तर मुळीच नाही.

दुर्बीण वाईट आहे असं मी म्हणत नाही. शनीची कडी, चंद्रावरची विवरं, नवव्या-दहाव्या प्रतीचे छोटे धूमकेतू यांच्यासाठी तीच हवी. वर्षभर आकाश बघणार असाल तर जरूर घ्या.

आता फोटो. पहिला मुकाबला खिशातला मोबाइल आणि डीएसएलआर यांचा, आणि मोबाइल वाटतो तितका मागे नाही. २०२४ मध्ये घरच्या गच्चीवरून मला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या पट्ट्यात अंदाजाने मोबाइल रोखला आणि स्क्रीनवर शेपूट उमटली. प्रो मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, दहा सेकंद, तीन सेकंदांचा टायमर आणि खाली ट्रायपॉड. हातात धरून नाइट मोडवर काढलेले फोटो विसरून जा.

डीएसएलआर असेल तर खर्च बॉडीवर करू नका. किटची १८-५५ लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी). ५० मिमीची एफ १.८ लेन्स त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश घेते आणि दुर्बिणीपेक्षा स्वस्त पडते. पृथ्वी फिरते म्हणून तारे ओघळतात. त्यावर जुना तोडगा म्हणजे ५०० ला नाभीय अंतराने भागायचं, आणि सेन्सर छोटा असेल तर आणखी दीडने. येईल तेवढे सेकंदच शटर उघडं ठेवायचं. ५० मिमीला येतात साडेसहा सेकंद, मी पाचच ठेवतो. असे २५ फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून सिक्वेटरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले की रवाळपणा पाचपट कमी होतो. डोळ्यांना जे डोकं करडं दिसतं, ते फोटोत हिरवं निघतं. तो रंग कार्बनच्या जोडरेणूंचा.

ट्रॅकरबद्दल, म्हणजे ताऱ्यांच्या मागे कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राबद्दल, बरेच जण विचारतात. नाशिकहून संध्याकाळच्या धूमकेतूसाठी माझं मत नको असंच आहे. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे लावावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून फक्त २० अंश वर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. इमारत, झाड, डोंगर, काहीही आड येतं. काळोख पडल्यापासून धूमकेतू मावळेपर्यंत कधी कधी पाऊण तासच मिळतो. त्यातली वीस मिनिटं ध्रुव शोधण्यात गेली तर काय उरलं?

पुतण्याने शेवटी ५० मिमीची लेन्स घेतली आणि माझी बायनॉक्युलर नेली.

खरं तर उपकरणापेक्षा जागा जास्त फरक पाडते. धूमकेतू संध्याकाळचा असेल तर गंगापूर धरणाचं बॅकवॉटर: समोर पश्चिमेला पाणी, शहराचा उजेड पाठीमागे. त्र्यंबकला अंधार जास्त म्हणून लोक तिकडे धावतात, पण गावातून पश्चिमेला ब्रह्मगिरी उभा आहे. दीड मुठीवरचा धूमकेतू त्याच्यामागे कधी गेला ते कळतही नाही. पांडवलेणीला जाऊ नका, खाली हायवेचे दिवे.

पहाटेचा धूमकेतू असेल तर सगळं उलटं. गंगापूरहून पूर्वेला शहराचाच झगमगाट, म्हणून निफाडच्या बाजूला, नांदूरमधमेश्वरच्या आसपास जावं. तिकडे पूर्वेचं क्षितिज सपाट आहे. मात्र निफाडची थंडी ऐकून असालच. पाण्याच्या काठी दव असं पडतं की अर्ध्या तासात लेन्स आंधळी होते. हात गरम ठेवायची पुडी रबरबँडने लेन्सच्या नळीभोवती बांधायची, काचेपासून जरा मागे. रुमालाने पुसत बसलात तर काच परत धूसर होते, आणि फोकस हलतो तो वेगळाच.